खुंटीवरचं जाळं

मी भित्री बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. सोलापूरच्या एका दवाखान्यात किरणोपचाराच्या विभागात तेवीस वर्षं तंत्रज्ञ म्हणून काढली खरी, पण ती जाड भिंतीच्या आड. यंत्र आत, मी बाहेर, मधे शिशाचं दार. त्यामुळे वसई तालुक्यातल्या एका पाड्यावर आठ दिवस जाऊन लोकांची मोजणी करायची, असा हुकूम आला तेव्हा मी आधी शिल्लक रजा मोजली. रजा टाकावी का, असं नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, तू रजा टाकलीस तर ज्यांना रजा टाकता येत नाही ते काय करतील? मला त्याचा रागच आला. मग बॅग भरली.

झालं होतं असं. लोखंडी पाइपांचे जोड तपासायला एक किरण सोडणारा धातूचा तुकडा वापरतात. बोटाएवढा, चकचकीत. कुणाच्या तरी हलगर्जीपणामुळे असा एक जुना तुकडा महामार्गाकडेच्या गटारापाशी पडला आणि एका म्हाताऱ्याला सापडला. त्याने तो घरी आणला. आठवड्याभरात त्याच्या तळहातावर फोड आले, ते काही केल्या बरे होईनात. अकराव्या दिवशी एका डॉक्टरला शंका आली, सरकारी पथक आलं आणि तुकडा शिशाच्या डब्यात घालून घेऊन गेलं. आता उरलं होतं ते आमचं काम. त्या अकरा दिवसांत कुणाच्या अंगाला किती लागलं, ते काढायचं.

पाड्याचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या मुलींची लग्नं व्हायची आहेत.

विरार पूर्व

आमची सोय एका नव्या इमारतीत नवव्या मजल्यावर केली होती. घरमालकीण राऊतबाई. त्यांची मूळची केळीची वाडी पश्चिमेला, आगाशीकडे. आता निम्मी विकून हे दोन फ्लॅट घेतलेले. बाई अगत्याच्या. गेल्या गेल्या केळीच्या सोपात बांधलेली सुकेळी पुढे ठेवली. वाळवलेलं केळ मी जन्मात पहिल्यांदा खाल्लं. आमच्याकडे गोड म्हटलं की शेंगाची पोळी. हे मधासारखं चिकट, दाताला धरणारं. तीन खाल्ली.

तिथेच मी माती खाल्ली. म्हणजे, मोजणीचं यंत्र नीट चालतंय ना ते बघायला मी ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलं आणि चालू केलं. ते टिकटिकायला लागलं. राऊतबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. ग्रॅनाइटच्या दगडात मुळातच थोडे किरण असतात, ते निरुपद्रवी असतात, सगळ्या जगातल्या ओट्यांत असतात, हे मी त्यांना तीन-तीनदा सांगितलं. त्या मान डोलवत राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर माझ्या चपला जिन्यात आणि दाराशी गोमूत्र शिंपडलेलं. आठही दिवस त्यांनी चहा दिला, पण कागदी कपात.

मला हसू आलं नाही. मी स्वतः रोज रात्री गळ्यातला बिल्ला काढून उजेडात धरून बघत होते. किरण मोजायला तो आम्ही घालतो. डोळ्यांनी त्यात काही दिसत नसतं, हे मला माहीत आहे. तरी बघत होते.

चांदीपच्या पुढे

चांदीपपर्यंत रिक्षा सुखाने गेली. पुढे पाड्याचं नाव काढलं तसं रिक्षावाल्याने वळणावरच गाडी थांबवली आणि म्हणाला, "मॅडम, यहाँ से आप चालत जा. आपली पण फॅमिली आहे." अर्धा कोस चालले. दोन्ही बाजूंना भाताची मोकळी खाचरं, कुठे कुठे रोपांसाठी राब भाजलेले काळे चौकोन आणि वर निळा धूर. आमच्याकडे उन्हाळ्यात रान भेगाळून पांढरं पडतं. इथे उन्हाळ्यातही कुठून तरी ओलीचा वास येतो, आणि मग कळतं की झाडांमागे खाडी आहे. किती छान जागा, असं मनात आलं आणि लगेच, इथे खोल श्वास घ्यावा की नको, असंही आलं. तुकडा गेला होता. हवेत काही नव्हतं. कळत होतं सगळं, पण जीव मुठीतच.

आमचे पथकप्रमुख साने सर. कमी बोलणारे, नेहमी पेन्सिल कानावर. कामाची पद्धत त्यांनी समजावली. त्या दिवसांतलं कुणी किरण मोजलेलं नाही, तेव्हा आता विचारूनच काढायचं. तुकडा कुठे होता, माणूस कुठे होता, किती अंतर, किती वेळ. घराघरात खडूने जमिनीवर खुणा करायच्या. इथे बसत होतो, इथे निजत होतो, इथे भांडी घासत होतो. फीत लावायची, वेळ लिहायची. अंतर दुप्पट झालं की मात्रा चौथाईवर येते, म्हणून हातभर चूकसुद्धा चालत नाही.

पाड्यावर पस्तीस घरं. खडूच्या खुणांनी ओट्या-ओसऱ्या भरून गेल्या. लोक बोलायचे, पण हळू आवाजात. त्यांच्या भेंड्या-वांग्यांना विरारच्या बाजारात कुणी हात लावत नव्हतं. बायका दुसऱ्याच गावाचं नाव सांगून भाजी विकत होत्या आणि तेही धास्तीतच. दूधवाला येईना. लग्नाची बोलणी थांबली. माझ्या हाती पाणी देताना एक म्हातारी म्हणाली, "पानी पेशील ना बाय? तू पेलीस तर बाकीची पेतील." बाहेर वीस माणसं उभी. मी लोटा दोन्ही हातांनी धरून ते पाणी घटाघटा प्यायले.

जेवणाची मात्र माझी पंचाईत. मी शाकाहारी, आणि इथे कालवणात काही नाही तर सुकट तरी पडतंच. तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी, मऊ, पापुद्र्याची, तिच्याबरोबर मी घरून आणलेली शेंगाची चटणी खात होते. ती चटणी पोरांना एवढी आवडली की चौथ्या दिवशी डबा रिकामा.

गोमाआबांची पडवी

ज्यांना तुकडा सापडला ते गोमाआबा. सत्तरीचे, सडपातळ, उजवा हात मनगटापर्यंत पट्टीत. मुंबईच्या इस्पितळात तीन आठवडे काढून ते घरी आले होते, आणि हाताला कातडं लावायला परत जायचे होते. घरात त्यांची बायको हिराबाय, मुलगा नितेश आणि सून प्रणाली. नितेश वसईला कंपनीत कायमचा रातपाळीला. प्रणालीला तेव्हा चौथा महिना.

आबांनी तो तुकडा केला काय? खाडीत फेकायचं जे जाळं असतं, त्याच्या कडेला शिशाची वजनं ओवतात. दोन-तीन पडली होती. हा तुकडा जड, लांबोळा, त्यात तार ओवायला सोय. त्यांनी तो जाळ्याला बांधला आणि जाळं पडवीतल्या खुंटीवर टांगलं. खुंटीमागे कुडाची भिंत. भिंतीमागे मधलं घर. आणि तिथे, त्याच भिंतीला डोकं लावून, प्रणालीची गादी.

गादी किती वाजता पडते, किती वाजता उठते, सगळं हिराबायनेच सांगितलं. सून बाजूला मान खाली घालून उभी. मी तिला विचारलं की उत्तर सासूकडून यायचं. त्यात हिराबायचं चुकलं असं नाही. घर तिचं, तिथे परक्यांशी थोरलीनेच बोलायचं. अकरा दिवस जाळं खुंटीला होतं ना, असं साने सरांनी आबांना विचारलं. आबा म्हणाले, व्हता. आबांची खाट पडवीच्या पार दुसऱ्या टोकाला. त्यांच्या उजव्या खांद्यावरही लाल चट्टा होता. सरांनी त्याबद्दल विचारलं तर म्हणाले, गोणी उचलली, घासला. सरांनी पेन्सिल कानावरून काढली, काही लिहिलं नाही, परत ठेवली.

संध्याकाळी आकडे मांडले. पाड्यावर बाकी कुणाला फारसं नव्हतं. प्रणालीचा आकडा मात्र रेषेच्या वर गेला. रेषा म्हणजे, पोटातल्या बाळाला ज्याच्यापुढे खरा धोका संभवतो ती मात्रा. मी गणित तीनदा केलं. तीनदा वर.

प्रणालीच्या डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, आकडा रेषेवर गेला तर मूल ठेवू नका. सोमवारी यायला सांगितलं होतं. त्या दिवशी शुक्रवार. किती किरण लागले ते रक्तातूनही कळतं; सरांनी तिचं रक्त तपासणीला पाठवलं होतं, पण त्याचा निकाल यायला अजून तीन आठवडे. तेवढे दिवस थांबलं तर पोट वाढणार. म्हणजे सोमवारी जे व्हायचं ते माझ्या हातातल्या कागदावर व्हायचं.  

चुलीपाशी

शनिवारी मी मुद्दाम दुपारी गेले. हिराबाय शेतावर, नितेश झोपलेला, आबा पडवीत. प्रणाली मागच्या दारी चुलीवर पाणी तापवत होती. ती नायगावची. त्या नव्या उंच इमारतींच्या पायथ्याशी तिचं माहेर. बारावीपर्यंत शिकलेली, आणि माझ्याशी अगदी मुंबईचं मराठी बोलायची. तिच्या शेजारी पाटावर बसले. काही विचारायचं नाही, नुसतं बसायचं, असं ठरवून गेले होते. पण गप्प बसणं मला कुठलं जमायला.

तिनेच विचारलं, आता तुकडा नेलाय तरी ते या घरात राहिलंय ना? भिंतीत, गादीत, माझ्यात? तिने गादी जाळली होती. सासू तिचं ताट वेगळं ठेवायची, आणि तिला त्याचं वाईट वाटत नव्हतं, उलट बरोबरच वाटत होतं. सगळ्या पाड्याचीच समजूत ती. हे म्हणजे देवीच्या रोगासारखं, एकदा घरात शिरलं की सगळ्यांना लागतं आणि राहतं.

मी चुलीकडे बोट केलं. म्हटलं, "ही धग तुला लागते ना? आता ही चूल उचलून कुणी खाडीवर नेली, तर ही भिंत तापेल का? ते काजळीसारखं चिकटत नाही, प्रणाली. धगीसारखं असतं. समोर असेल तेवढा वेळ, तेवढंच."

ती एकदम हलायची थांबली. पाणी उकळायला लागलं तरी उतरवलं नाही.

"म्हणजे जाळं खुंटीवर नसेल तेव्हा काहीच नाही?"

"काहीच नाही."

मग तिने दाराकडे बघितलं आणि अगदी हळू सांगितलं. जाळं खुंटीवर नव्हतंच. म्हणजे दिवसा असायचं, रात्री नसायचं. आबा बहुतेक रात्री सगळे निजले की जाळं खांद्यावर टाकून खाडीवर जायचे आणि उजाडायच्या आत परत टांगायचे. तिला त्या दिवसांत आतल्या सुकटीचा वास सहन व्हायचा नाही. आबा गेले की ती पडवीत येऊन निजायची. एरवी सासऱ्याच्या पडवीत सून कशी निजणार? रिकामी खुंटी तिच्या डोक्यावरच असायची. अकरातल्या आठ रात्री. तिने बोटांवर मोजून सांगितल्या.

मी म्हटलं, अगं, मग इतके दिवस बोलली का नाहीस?

त्याचं कारण ऐकून मी डोक्याला हात लावला. मागच्या वर्षी आबांना साखरेमुळे खाडीच्या चिखलात चक्कर आली होती, सकाळी लोकांनी ओढून काढलं. तेव्हा नितेशने बापाचा हात आपल्या डोक्यावर ठेवून त्यांच्याकडून शपथ घेतली होती, पुन्हा खाडीत उतरणार नाही म्हणून. ती शपथ आबांनी मोडली. पकडलेली मासळी वळणावरच्या एका बाईला परस्पर देऊन टाकायचे. त्यांना मासळी नको होती, खाडी हवी होती. सुनेला कळलं होतं, तिने ताकास तूर लागू दिला नाही. बदल्यात आबा तिला काही बोलले नाहीत पडवीत निजल्याबद्दल. दोघांनी एकमेकांना एका शब्दानेही विचारलं नव्हतं. आणि पथकाने तुकडा नेल्यापासून आबांच्या मनाने घेतलं होतं की पोराच्या डोक्यावरची शपथ मोडली, तिचंच हे फळ. आबा आपणहून बोलणं शक्य नव्हतं. आणि तिला वाटत होतं, लागायचं ते लागलंच आहे, मग म्हाताऱ्याला उघडं का पाडा.

"मी सांगितलं म्हणू नका," ती म्हणाली.

मी शब्द दिला. आणि तो देताना मला दुसरी गोष्ट दिसली. रात्री जाळं इथे नव्हतं, तर कुठे होतं? म्हाताऱ्याच्या खांद्यावर.

रविवार

सकाळी पडवीत गेले आणि आबांच्या खाटेजवळ खाली बसले. मी समुद्र न पाहिलेल्या मुलखातली, म्हटलं, खाडीचं मला सांगा. ते सांगायला लागले तसा त्यांचा चेहराच बदलला. अमावास्या-पुनवेच्या आगेमागे उधाण, पाणी जोरात चढतं-उतरतं, मासळी हलते. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा पाणी मंद, जाळं घरी. मी विचारलं, तुकडा घरात होता ते दिवस कुठले? ते म्हणाले, अवसेचे. आणि बोलता बोलता थांबले.

मी त्यांना चुलीचं सांगितलं, जसं सुनेला सांगितलं होतं तसंच. मग सांगितलं की उद्या इस्पितळाची गाडी प्रणालीला न्यायला येणार आहे आणि कशासाठी. ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. बायकांचा विषय म्हणून हिराबायने नितेशलाच काय ते सांगितलेलं. आबांनी पट्टी बांधलेला हात मांडीवर घेतला. मी घाबरले होते. ते बोलले नाहीत तर मला शब्द मोडावा लागणार होता, आणि बोलले तर काय होणार ते मला त्यांच्याआधी माहीत होतं. बोलू नये असंही एक क्षण मला वाटलं. लाज वाटते लिहायला, पण वाटलं.

त्यांनी हाक मारून सगळ्यांना बोलावलं. साने सरही आले. आबांनी कुणाकडे न बघता सांगितलं.

"जाला राती घरान नव्हता. मी नेत व्हतो. आठ राती. खांद्यावर. खाडीवर भरती येईस्तवर उशाला घेऊन परायचो."

नितेशचा हात नकळत स्वतःच्या डोक्यावर गेला. हिराबाय खवळली. पोराच्या डोक्यावर हात ठेवला होतास, जनाची नाही तर मनाची, असं बरंच काही. आबा ऐकून घेत होते. साने सरांनी विचारलं, कुठल्या कुठल्या रात्री, किती वाजता निघायचात, पाणी केव्हा चढायचं. आबांनी एकेका तिथीची भरती सांगितली. सरांनी भरतीचं कोष्टक काढून ताडून पाहिलं; पाच-दहा मिनिटांचा फरक. मग त्यांनी आबांच्या सदऱ्याचं बटण काढून खांद्याचा चट्टा पुन्हा पाहिला, आणि पेन्सिल मला दिली.

पडवीतच जमिनीवर बसून मी पुन्हा मांडणी केली. जुन्या खुणा पुसल्या. सगळे माझ्या हाताकडे बघत होते. प्रणालीचा आकडा उतरत गेला, रेषेच्या खूप खाली आला. मी तो पुन्हा केला. सरांनी केला. तेवढाच. पुढे तीन आठवड्यांनी रक्ताच्या तपासणीतही तेच निघालं, पण तेव्हा, त्या पडवीत, आमच्याकडे एका म्हाताऱ्याचा शब्द आणि भरतीचं कोष्टक एवढंच होतं.

"बाळाला धोका नाही," मी म्हणाले. "उद्या कुठे जायचं नाही. डॉक्टरांशी सर बोलतील."

 हिराबायचं आबांवरचं तोंडसुख अर्ध्यातच थांबलं होतं. तिने सुनेकडे पाहिलं, खुंटीकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे न बघताच म्हणाली, "शपथ पालली असतीस तर जाला हितंच ऱ्हाला असता." आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली.

कागदावर दुसऱ्या ओळीत मला आबांचा आकडा लिहायचा होता. इस्पितळाने तो धरला होता फक्त तुकडा हाताळण्यापुरता, थोड्या थोड्या वेळाचा. आता त्यात आठ रात्री घालायच्या होत्या. मी घातल्या, आणि आकडा थोरल्या माणसाच्याही जिवाला धोका असतो तिथे जाऊन पोचला. सरांनी तो आकडा बघितला आणि इस्पितळाला फोन लावत अंगणात गेले.

प्रणाली पुढे झाली. त्या घरात परक्यांदेखत ती पहिल्यांदाच आपणहून बोलत होती.

"आणि आबांचा?"

मी तोंड उघडलं. पण माझ्याआधी आबाच बोलले.

"माझा ऱ्हाऊ दे. उद्या गारी किती वाजता येल, तेवरा सांगा."

सर अंगणातून परत येत होते. त्यांनी मला सात बोटं दाखवली.

"सात वाजता," मी म्हणाले.